मसादाच्या माथ्यावरून

२०१८ सालच्या उपवासकाळात आम्हा वसईकरांचा एक लहानसा गट पवित्र भूमीच्या यात्रेस गेला होता. बेथलेहेम, नाझरेथ, गालील सरोवर, जेरुसलेममधील क्रूसाची वाट ही स्थळे प्रत्येक ख्रिस्ती यात्रेकरूच्या टिपणवहीत आधीच लिहिलेली असतात. मसादाचे नाव मात्र आमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेही नव्हते. प्रभू येशू तेथे गेल्याचा उल्लेख शुभवर्तमानात नाही, कोणा प्रेषिताचे पाऊल तेथे लागल्याची परंपरा नाही. "मग अख्खा दिवस त्या किल्ल्यासाठी कशाला घालवायचा?" असे आमच्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारलेही. सोबतचे धर्मगुरू हसून म्हणाले, "मावशी, उपवासकाळात वाळवंट पाहावे. आणि किल्ला तर आपल्या गावातही आहे. हा पाहिलात म्हणजे तो नव्याने दिसेल." त्या वेळी आम्हाला ते उत्तर वेळ मारून नेण्यासारखे वाटले होते.

जेरुसलेम सोडून रस्ता उतरू लागतो आणि तासाभरात हिरवा रंग नाहीसा होतो. डाव्या हाताला मृत समुद्राचे निश्चल पाणी, उजव्या हाताला तपकिरी कड्यांची अखंड रांग. हा समुद्र सागरपातळीपेक्षा ४३० मीटरहून अधिक खाली आहे. पृथ्वीच्या पाठीवर उघड्या भूमीचा एवढा खोल भाग दुसरा नाही. त्या रांगेतून सुटा झालेला एक प्रचंड खडक, माथा सपाट आणि चारही बाजू तुटलेल्या, अचानक समोर येतो. तोच मसादा. पूर्वेकडून त्याचा कडा मृत समुद्राच्या काठावर ४०० मीटर उंच उभा आहे. वर जाण्यास 'सर्पवाट' म्हणून ओळखली जाणारी नागमोडी पायवाट आहे, आणि रायगडावर आहे तसा रोपवेही आहे. तरुण मंडळी पहाटेच पायवाटेला लागली. आम्ही वयाचा मान राखून रोपवेने गेलो.

हा दुर्ग ज्याने घडवला तो आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्याच्या भयाने योसेफ आणि मारिया बाळ येशूला घेऊन रातोरात इजिप्तकडे निघाले, तोच हा हेरोद राजा. ख्रिस्तपूर्व ४० मध्ये पार्थियन सैन्य चालून आले तेव्हा हेरोदाने आपले कुटुंब मसादावर ठेवून पळ काढला होता. मागे राहिलेल्यांचे पाणी संपत आले, गड सोडून निसटण्याचा बेत ठरला, आणि नेमका त्याच रात्री पाऊस पडून टाकी भरली असे इतिहासकार जोसेफस सांगतो. राज्य हाती आल्यावर हेरोदाने येथे सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा दुहेरी तट बांधला, धान्याची लांबच लांब कोठारे बांधली, उत्तर टोकाच्या कड्यावर तीन पायऱ्यांचा राजवाडा जणू टांगला. पावसाळ्यातील दोन-चार पुरांचे पाणी ओढ्यांतून पाटाने वळवून ते डोंगराच्या पोटात खोदलेल्या १२ टाक्यांत साठवण्याची सोय केली. या टाक्यांत सुमारे ४०,००० घनमीटर पाणी मावत असे. हमामखान्याची जमीन आजही पाहता येते. खालून गरम हवा खेळवण्यासाठी उभारलेले विटांचे बुटके खांब जागच्या जागी आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? जोसेफस दोन कारणे देतो. एक, आपलीच प्रजा आपल्याला पदच्युत करील ही धास्ती. दुसरे, इजिप्तची राणी क्लिओपात्रा आपले राज्य गिळील ही भीती. म्हणजे मसादाचा प्रत्येक दगड भयाने रचलेला आहे. हेरोद ख्रिस्तपूर्व ४ मध्ये जेरिको येथे वारला. ज्या शत्रूंसाठी त्याने हा गड सज्ज केला, त्यांपैकी कोणीही त्याच्या हयातीत येथवर आले नाही.

गडाला खरे प्रसंग आले ते पुढच्या पिढ्यांत. इ.स. ६६ मध्ये यहुदी लोकांनी रोमविरुद्ध बंड पुकारले. कमरेला खंजीर लपवून फिरणाऱ्या 'सिकारी' नावाच्या जहाल पंथाने मसादा काबीज केला. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडले, मंदिर भस्मसात झाले. त्यानंतर मृत समुद्राच्या पलीकडच्या तीरावरील माखेरूस पडला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध तेथेच झाल्याचे जोसेफस नमूद करतो. उरला तो मसादा. इ.स. ७३ अथवा ७४ मध्ये सुभेदार फ्लेवियस सिल्वा रोमची दहावी सेना घेऊन येथे आला.

माथ्यावरून खाली पाहिले की त्या सेनेच्या आठ छावण्यांचे चौकोन आजही जमिनीवर आखल्यासारखे दिसतात. गडातून कोणी निसटू नये म्हणून भोवती घातलेली भिंतही दिसते. ही भिंत दोन आठवड्यांच्या आसपास उभी राहिली असावी आणि सारा वेढाही काही आठवड्यांतच आटोपला असावा, असे अनुमान २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले आहे. पश्चिमेच्या अंगाला निसर्गतःच एक सोंड होती. तिच्यावर माती, दगड आणि लाकडे रचून रोमनांनी तटापर्यंत चढाव बांधला आणि त्यावरून तट फोडणारे यंत्र चढवले. आतल्यांनी लाकूड व मातीची दुसरी भिंत उभी केली. तिला आग लावण्यात आली. प्रथम वारा रोमनांच्या तोंडावर होता, मग तो फिरला आणि भिंत जळून गेली.

त्या रात्री गडाचा नायक एलाझार याने लोकांना एकत्र केले. देवाने आपला त्याग केला आहे, वाऱ्याचे फिरणे ही त्याचीच खूण आहे; बायकामुले गुलाम होण्याआधी स्वतंत्रपणे मरावे, असा त्याच्या भाषणाचा मथितार्थ. पुरुषांनी आपापली कुटुंबे आपल्या हाताने संपवली. मग चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडले गेले, त्यांनी इतरांना मारले, त्या दहांतील एकाने नऊ जणांना आणि शेवटी स्वतःला. सकाळी रोमन आत शिरले तेव्हा कोणीच समोर आले नाही. ९६० माणसे मरून पडली होती. पाण्याच्या भुयारी वाटेत लपलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी बाहेर आली, आणि झाली हकिकत जगाला त्यांच्याच तोंडून कळली.

ही कथा ऐकताना आमच्यातील कोणीच बोलत नव्हते. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने येथे दोन पावले मागे सरकून पाहणे भाग आहे. ही सारी हकिकत एकट्या जोसेफसची. तो स्वतः यहुदी सेनापती होता. इ.स. ६७ मध्ये योतापाता येथे तोही आपल्या साथीदारांसह गुहेत कोंडला गेला होता. तेथेही सामुदायिक मरणाचा ठराव झाला, तेथेही चिठ्ठ्या पडल्या. शेवटच्या दोघांत जोसेफस उरला आणि रोमनांना शरण गेला. आत्महत्या हे देवाविरुद्ध पाप आहे असे भाषण आपण त्या गुहेत केल्याचे तो लिहितो, आणि त्याच ग्रंथात एलाझाराच्या मुखी मरणाचा गौरव घालतो. याच सिकारींनी वल्हांडण सणाच्या रात्री जवळच्या एन-गेदी गावावर छापा घालून ७०० हून अधिक स्त्रिया व मुले मारली, हेही तोच नोंदवतो. मेले ते स्वकीयच होते. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले. तट, छावण्या, जळालेली कोठारे यांनी वेढ्याची साक्ष दिली; पण ९६० जणांचे अवशेष सापडले नाहीत, सापडली ती जेमतेम तिशीच्या आतबाहेर माणसांची हाडे. म्हणूनच त्या रात्री नेमके किती जण आणि कसे मेले याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही.

आम्हा यात्रेकरूंना वेगळाच प्रश्न सतावत होता. हे मरण हौतात्म्य म्हणावे काय? आमच्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले. मरण त्यांनी टाळले नाही, पण ते स्वतःच्या वा कोणा निरपराध्याच्या अंगावर ओढूनही घेतले नाही. ज्या हाताने लेकराला घास भरवायचा त्या हाताने त्याचा गळा चिरणे, याला श्रद्धा म्हणायला आमची जीभ रेटेना. तथापि त्या मृतांचा न्याय करण्यासही मन धजावत नव्हते. स्वतःच्या हाताने जीव देणाऱ्यास चर्चच्या विधीने मूठमाती मिळू नये, हा १९१७ च्या धर्मसंहितेतील दंडक आमच्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. त्या घरांतील आयांचे खाली घातलेले चेहरेही पाहिले आहेत. १९८३ च्या संहितेने तो दंडक काढून टाकला. अशा जिवांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट परमेश्वरालाच ठाऊक असते, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने शिकवले. ज्या धर्मसभेला हे उमगायला एवढी शतके लागली, तिच्या लेकरांनी मसादाच्या मृतांविषयी घाईने बोलू नये. आमच्या धर्मगुरूंनी तेथे त्यांच्यासाठी मूक प्रार्थना करविली.

वायव्येच्या तटाला लागून एक साधी खोली आहे. भिंतीला टेकून दगडी बाकांच्या रांगा, रोख जेरुसलेमकडे. हे वेढ्यातील लोकांचे सिनेगॉग. अजून अस्तित्वात असलेल्या अतिप्राचीन सिनेगॉगांत याची गणना होते. उत्खननात मागच्या दालनाच्या जमिनीत पुरलेली चर्मपत्रांची शकले मिळाली. एक होते अनुवाद ग्रंथाच्या अखेरचे, मोशेच्या निरोपाचे. दुसरे यहेज्केलच्या ग्रंथाचे, आणि त्यात नेमका तो अध्याय होता, ज्यात प्रेषिताला शुष्क हाडांनी भरलेले खोरे दिसते आणि परमेश्वराच्या श्वासाने ती हाडे पुन्हा जिवंत होतात. ते कोणी, कधी पुरले हे चर्मपत्र सांगत नाही. पण जे जपायचे ते जाळू नये, एवढी समज त्या गडावर कोणाला तरी होती.

कॅथोलिक वाचकाला ज्यात विशेष गोडी वाटावी असा आणखी एक ठेवा १९६४ साली तटाच्या एका खोलीत सापडला. तो म्हणजे बेन सिराच्या बोधग्रंथाची मूळ हिब्रू गुंडाळी. हा ग्रंथ आपल्या बायबलमध्ये आहे, १५४६ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. यहुदी आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये मात्र तो नाही. लेखकाच्या नातवाने केलेल्या ग्रीक भाषांतरातूनच तो आपल्यापर्यंत आला. मूळ हिब्रू पाठाची पाने १८९६ पासून कैरोच्या एका सिनेगॉगच्या अडगळीतून मिळू लागली तेव्हा, ती ग्रीकवरून मागाहून केलेली उलथापालथ असावी अशी शंका काहींनी काढली होती. ती शंका मसादाच्या गुंडाळीने मिटवली. या गुंडाळीत पूर्वजांच्या स्तुतीचा आरंभ आहे. कीर्तिमान पूर्वजांबरोबरच ज्यांची आठवणही उरली नाही अशा सज्जनांचेही स्मरण तेथे केले आहे. भुयारातून बाहेर आलेल्या त्या दोन स्त्रियांची नावे जोसेफसने लिहिली नाहीत. आम्हाला ती गुंडाळी त्यांच्यासाठीच तेथे राहिली असे वाटून गेले.

सिनेगॉगपासून थोड्याच अंतरावर एका लहानशा चर्चचे अवशेष आहेत. जमिनीवर रंगीत खड्यांची फुले आणि फळे. पाचव्या शतकात येथे ख्रिस्ती साधूंनी मठ केला. वाळवंटातील मठजीवनाचे थोर गुरू संत युथिमियस यांनी मार्दा नावाच्या डोंगरावर प्रार्थनास्थान बांधल्याचे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले आहे. तो डोंगर हाच, असे अभ्यासक मानतात. त्या साधूंनी तट दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता पडक्या दालनांत आणि गुहांत आपल्या खोल्या केल्या. हेरोद भयाने येथे चढला, सिकारी क्रोधाने चढले. हे लोक प्रार्थना करायला चढले. तिघांनाही पाणी त्याच आभाळातून मिळाले.

तेथेच आम्हाला एक अनपेक्षित भेट घडली. चर्चच्या सावलीत आम्ही मराठीत बोलत बसलो असता सत्तरीच्या घरातील एक गृहस्थ काठी टेकत जवळ आले.

"कुठचे तुम्ही? मुंबईकडचे काय?"

"वसईचे, काका. आणि आपण?"

"आमचं मूळ गाव पेण. दहा वर्षांचा होतो, तेव्हा आईबापांबरोबर इकडे आलो. आता दिमोनाला असतो. या बसा, बसा, उठू नका."

बेने इस्रायल समाजाचे ते गृहस्थ होते. कुलाबा जिल्ह्यात हा समाज 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई, कारण तेलाचा घाणा चालवणारी ही मंडळी शनिवारी बैल जुंपीत नसत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. १९४८ नंतर बहुतेकांनी इस्रायलची वाट धरली. पण मराठी सुटली नाही, तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. मावशींनी त्यांना विचारले, "काका, या गडावर आलात की तुम्हाला काय वाटतं हो?"

ते जरा थांबून म्हणाले, "नातवंडं शाळेच्या सहलीला इथे येतात, त्यांना अभिमान वाटतो. मलाही वाटतो, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू का बाई, मला इथे आलो की घाणा आठवतो. आजोबा सांगायचे, आपल्या वाडवडिलांना पोथी ठाऊक नव्हती, हिब्रू येत नव्हतं, एक शेमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. आमच्याकडे किल्ला नव्हता हो. घाणा होता."

त्यांच्याकडे अजून एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात, पोहे, खोबरे आणि साखर कालवून, असे त्यांनी सांगितले. एलियाहू म्हणजे आपला एलिया प्रेषित. काका निघून गेल्यावर आमच्या धर्मगुरूंनी एलियाची गोष्ट काढली. राणी ईजबेलच्या भयाने पळालेला तो प्रेषित बैरशेबाच्या पलीकडे याच वाळवंटात शिरला, एका झुडपाखाली बसला आणि आपला जीव घे म्हणून त्याने परमेश्वराला विनविले. एलाझाराच्या आणि एलियाच्या निराशेत फारसे अंतर नाही. एलियाला मात्र दूताने उठवले, भाकर आणि पाणी दिले, पुढच्या वाटेला लावले आणि शेवटी ज्या माणसांना तो विटला होता त्यांच्यातच परत पाठवले. परमेश्वर आपल्याला सोडून गेला, असे वाऱ्याच्या दिशेवरून ठरवण्याआधी एक रात्र थांबायला हवे, हे एलाझाराला सांगणारे कोणी भेटले नाही.

रब्बींच्या प्राचीन ग्रंथांत मसादाचा उल्लेख नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या परंपरेत आदराने सांगितली जाते ती योहानान बेन झक्काई यांची कथा. वेढ्यातील जेरुसलेममधून शिष्यांनी त्यांना शवपेटीत लपवून बाहेर आणले आणि त्यांनी यावने या गावी धर्माध्ययनाची पीठिका घातली. मंदिर गेले, यज्ञ गेले, गड गेले. तरी सणवार, प्रार्थना आणि शास्त्रपठण घराघरांत चालू राहिले. जेरुसलेममधील आरंभीचे ख्रिस्ती लोकही वेढ्यापूर्वी यार्देनेपलीकडे पेल्ला गावी निघून गेले, असे युसेबियस सांगतो. उलट, मसादाची कहाणी सांगणारा जोसेफसचा ग्रंथ शतकानुशतके जपला तो ख्रिस्ती लेखनिकांनी.

वाचकहो, हे सर्व आम्ही का लिहीत आहोत? कारण परतल्यावर आमचा स्वतःचा किल्ला आम्हाला खरोखरच वेगळा दिसू लागला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह मानाने बाहेर पडली, युरोपीय पाद्री निघून गेले, तटाआतील चर्चेसची छपरे पुढे कोसळली. ज्याला कोणी ख्रिस्ती धर्माचा बालेकिल्ला म्हणाले असते तो ओस पडला. तरी वाड्यांतले आमचे पूर्वज ख्रिस्ती राहिले. देशी धर्मगुरूंनी त्यांना सांभाळले, घरोघरी सांजेची रोझरी चालू राहिली, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा शिंपता शिंपता आयांनी मुलांना क्रूसाची खूण शिकविली. आमच्याकडे किल्ला होता, पण आम्हाला तारले ते घाण्यासारख्याच एखाद्या साध्या गोष्टीने.

आज आमच्या गावांत पुन्हा वेढ्याची भाषा कानी येते. जमिनी विकल्या गेल्या, बावखले बुजली, मुले परदेशी गेली, नवी वस्ती चहूकडून आली. तेव्हा आता आपण आपल्यापुरते राहावे, तट उभारावेत, असे सभांतून तळमळीने बोलले जाते. जमीन, पाणी आणि बोली जपण्याच्या या तळमळीत आम्हीही सामील आहोत. ती खोटी नव्हे. पण मसादाच्या माथ्यावर उभे राहून आलेल्या माणसाला तटाची भाषा ऐकली की हेरोदाची टाकी आठवतात. चाळीस हजार घनमीटर पाणी साठवता येते, आणि तरीही आत तहान राहते.

यादीन यांच्या उत्खननात मसादावर खजुराच्या काही बिया मिळाल्या होत्या. सुमारे दोन हजार वर्षांच्या त्या बियांपैकी एक इस्रायलच्या दक्षिणेतील केतुरा वसाहतीत २००५ साली रुजत घालण्यात आली. ती उगवली. मथुशलहचे नाव मिळालेले ते झाड नर निघाले, आणि त्याच्या परागाने, यहुदियाच्या वाळवंटातच मिळालेल्या दुसऱ्या एका प्राचीन बीजाच्या झाडाला २०२० साली खजूर लागले. कोठारात राहिली असती तर ती बी आणखी दोन हजार वर्षे बीच राहिली असती.

यात्रेच्या पुढच्या वर्षी संत गोन्सालोंच्या सणाला आम्ही किल्ल्यात मिस्साबलीला गेलो. छत नसलेल्या भिंतींत माणसे दाटीने उभी होती. मागच्या बाजूस नव्या वस्तीतले एक अनोळखी कुटुंब, लहान मुलीला खांद्यावर घेऊन, कुतूहलाने पाहत होते. मावशी आपल्या जागेवरून उठल्या, त्या बाईंजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "या, पुढे या. इथून दिसायचं नाही."